गल्लीत दिसतं, पुण्यात दिसत नाही

यजमानांची बॅग कपाटावर चढवून ठेवली होती, रिकामीच. मस्कतमध्ये फिटरची नोकरी चालून आली होती आणि मुंबईच्या एजंटाला महिनाअखेरीपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. यजमानांची सूतगिरणी बंद पडून बरेच दिवस झाले होते. गिरणी पुन्हा सुरू होणार असं रोज कुणी ना कुणी सांगायचं, आणि ते ऐकून हे सायकल काढून गेटपर्यंत जाऊन यायचे. आम्हा दोघांचं आणि शाळेत जाणाऱ्या मुलीचं घर माझ्या डीटीपीच्या दुकानावर चाललं होतं, पण दुकानात काम होतं ते एका माणसापुरतंच.

दुकान कोल्हापुरात, मंगळवार पेठेतल्या एका गल्लीत. लग्नपत्रिका, हँडबिलं, क्लासच्या प्रश्नपत्रिका, निधनाची कार्डं. नव्वदच्या दशकात मी तिथं पहिला कॉम्प्युटर आणला, आणि दोन हजार साल उलटेपर्यंत गल्लीत डीटीपीची दुकानंच दुकानं झाली. सगळ्यांकडं तेच मराठी फाँट. एकमेकांच्या फ्लॉपीवरून घेतलेले.

अशात वेबसाइटचं काम आलं. आमच्या समाजाचं वधू-वर सूचक मंडळ एक निवृत्त गुरुजी चालवायचे. दरवर्षी मेळाव्याच्या आधी परिचय पुस्तिका निघायची आणि ती मी लावायची. आमच्या बौद्ध कुटुंबांच्या पुस्तिकेत जन्मपत्रिकेचा रकाना नसतो. नाव, शिक्षण, नोकरी, गाव, अपेक्षा, संपलं. त्या वर्षी गुरुजी दुकानात आले, जयभीम घातला आणि स्टुलावर बसता बसता म्हणाले, "ताई, पुस्तिका गावात राहते. आपली मुलं आता पुण्या-मुंबईला आहेत, दुबईला आहेत. ह्या वर्षी सगळं इंटरनेटवर टाका. मेळाव्यात पडद्यावर दाखवू. जमलं तर वर्षभर तुम्हीच सांभाळा. आणखी दोन मंडळांची माणसं बघायला येणार आहेत, त्यांचंही काम मिळेल."

वर्षभराचं काम, तेही तीन मंडळांचं. म्हणजे दुकानात दुसरं मशीन आणि त्यावर दुसरा माणूस. मी घरी आल्या आल्या सांगितलं. यजमानांनी चहा संपवला, कप खाली ठेवला आणि म्हणाले, "जमलं तर मी जात न्हाय. न्हाय जमलं तर बॅग हायच की."

तिथून पुढं मी जे काही केलं ते ह्या एका वाक्याखाली केलं.

वेबसाइट कशी करतात ते मी एका जाड इंग्रजी पुस्तकातून आणि दुसऱ्यांच्या पानांचा कोड उघडून बघून शिकले होते. मला कामं ओळीनं लावायची सवय आहे. आधी माहिती टाइप, मग फोटो, मग पानं, मग तपासणी. तपासणी मी कसून केली. पानं चढवली आणि गल्लीतल्या प्रत्येक दुकानात जाऊन उघडून बघितली. कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत सगळ्या मशिनींवर बघितली. सगळीकडं स्वच्छ मराठी. कॅफेचा मालक म्हणाला, "ताई, छापल्यागत दिसतंय!" मला बरं वाटलं. त्या संध्याकाळी मी यजमानांना दुसऱ्या मशीनसाठी टेबल कुठं बसेल ते दाखवलं. त्यांनी हाताच्या वितीनं जागा मोजली.

दुसऱ्या दिवशी गुरुजींच्या पुतण्याचा पुण्याहून फोन आला. तिथल्या एका ऑफिसात तो नोकरीला होता.

"ताई, ही कुठली भाषा हाय?"

"म्हणजे?"

"मराठी अक्षरच न्हाय एक. टोपी घातलेला ए, शेपटीवाला सी, उलटं प्रश्नचिन्ह. माझ्या फोटोखालीबी तसलंच. पोरीकडची माणसं काय म्हणतील?"

काय झालं ते अर्धं लगेच कळलं. आमच्या त्या फाँटात मुळात अक्षरं इंग्रजीच असतात, फाँट त्यांना मराठी कपडे घालतो. फाँट नसेल तिथं ती उघडी पडतात. हे छपाईत मला पाठ होतं. फिल्म काढायला पाठवताना फाँटची फ्लॉपी आम्ही बरोबर द्यायचोच. पण पानात फाँटचं नाव लिहिलं की तो इंटरनेटवर आपोआप पानाबरोबर जातो, अशी माझी समजूत होती. तो जात नव्हता. मी सगळी तपासणी जिथं फाँट होता तिथंच केली होती, कारण आमच्या गल्लीत फाँट नसलेलं मशीनच नव्हतं.

लोकांना फाँट उतरवून घ्यायला सांगावं, तर कॅफेवाले आपल्या मशीनवर कुणाला काही चढवू देत नव्हते. गुरुजींना मी काही सांगितलं नाही. मेळावा पुढच्या रविवारी होता.

गावात विचारण्यासारखं कुणी नव्हतं. म्हणून इंटरनेटवर विचारायचं ठरवलं. वेबसाइट करणाऱ्यांची एक मोठी परदेशी कम्युनिटी होती, तिथं माणसं प्रश्न टाकायची आणि कुणीही उत्तरं द्यायचं. मी कॅफेत बसून इंग्रजीत सविस्तर लिहिलं. सर्वांना नमस्कार, आपण सगळे कुशल असाल, मी कोल्हापूरची, माझं दुकान असं असं, गुरुजी असे असे, मेळावा अमुक, यजमानांची गिरणी बंद. आपल्याकडं कुणाच्या दारात काम घेऊन गेलं की आधी बसायचं, पाणी प्यायचं, घरच्यांची विचारपूस करायची आणि मग मुद्द्यावर यायचं. मी तशीच गेले. प्रश्न अगदी शेवटी होता.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी जाऊन बघितलं. दोन उत्तरं होती. एकानं लिहिलं होतं, "कोड कुठं आहे?" दुसऱ्यानं लिहिलं होतं, "शेवटपर्यंत पोचलो तर उत्तर देईन." त्याखाली हसणारं तोंड.

मी तिथून उठले ती आपल्या माणसांकडं गेले. भारतातल्या वेबसाइटवाल्यांची एक मेलिंग लिस्ट होती. तिथं लिहिलं आणि दुपारपर्यंत उत्तरंच उत्तरं. सगळी प्रेमाची, सगळी ठाम. "ताई, एकदम सोपं आहे." "काळजी करू नका, ही ओळ टाका." एकानं पानाचा कॅरॅक्टर सेट बदलायला सांगितलं. दुसऱ्यानं फाँट पानात गुंफायचं सॉफ्टवेअर सुचवलं. तिसऱ्यानं फाँटच्या नावाची जागा बदला म्हटलं. चौथ्यानं सगळ्या फाइली नव्या एडिटरमध्ये उघडून परत सेव्ह करा म्हणून कळवलं. मला कुणी नकार दिला नाही, ह्याचंच रडू आलं.

आमच्याकडं वाट विचारणाऱ्याला "माहीत नाही" म्हणणं माणुसकीला सोडून आहे. मुरगूडला कधी न गेलेला माणूससुद्धा रस्त्यावरच्या पाहुण्याला सांगतो, "पावणं, हितनं सरळ जावा, पंपापासनं डावीकडं वळा, कुनालाबी इचारा." दारातून कुणी रिकाम्या हातानं जाऊ नये, एवढाच त्यात हेतू. मी त्याच मातीतली. त्यामुळं सल्ला ठाम आहे म्हणजे खरा आहे, ह्यात मला शंका आली नाही. आणि ताप आला की काढा, गोळी आणि मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या सगळं एकदम करायचं, तसे मी ते सगळे उपाय एका दुपारात केले. वेळच नव्हता.

संध्याकाळी कॅफेचा मालक स्वतः दुकानात आला. "ताई, काय केलासा? काल गल्लीत तरी दिसत हुतं की!"

जाऊन बघितलं. पानभर चौकोन आणि प्रश्नचिन्हं. शेजारच्या दुकानात तेच, माझ्या मशीनवर तेच. कुठल्या उपायानं हे झालं ते कळायला मार्ग नव्हता, कारण सगळे उपाय एकमेकांत मिसळले होते. पुण्याला फोन लावला तर पुतण्या म्हणाला, "आता टोप्या बी गेल्या ताई. नुसतं डबं हायत."

घरी गेले तेव्हा यजमान कपाटावरची बॅग काढून ओल्या फडक्यानं पुसत होते. मला बघून म्हणाले, "धूळ लई बसलीया." मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

सकाळी मी परत त्या परदेशी कम्युनिटीत गेले. आता विचारपूस नाही, काही नाही. "पान दिसत नाही. रविवारी कार्यक्रम आहे. हा कोड. कृपा करा." आणि सगळा कोड चिकटवला. पुढचा अख्खा दिवस मी लग्नपत्रिका लावत होते आणि दर पत्रिकेनंतर वाटत होतं, आता जाऊन बघावं. जाऊन बघत होते. काही नव्हतं.

उत्तर आलं ते त्याच्या दुसऱ्या दिवशी. कुणा टोपणनावाच्या माणसाचं. त्याचा देश कुठला, वय काय, बाई की बाप्या, मला आजही सांगता येणार नाही, पण मी 'तो'च धरून चालले. त्यानं लिहिलं होतं, "मला तुमची लिपी येत नाही आणि ह्याचं उत्तर मला माहीत नाही. पण शोधायला मदत करू शकतो. आधी सगळं जसं होतं तसं करा. मग एक कोरं पान घ्या आणि त्यात एकच शब्द लिहा. एका वेळी एकच बदल. प्रत्येक बदलानंतर दोन जागी बघा, जिथं चालतं तिथं आणि जिथं चालत नाही तिथं. काय दिसलं ते कळवा."

मला संताप आला. माहीत नाही म्हणतोय आणि वर शिकवतोय! माझ्याकडं शेकड्यानं मुलामुलींची माहिती, दारात मेळावा, आणि हा म्हणतोय एक शब्द लिहा. पण दुसरं कुणी उरलंच नव्हतं. जुनी पानं मी सीडीवर घालून ठेवली होती, ती परत चढवली. मग कोरं पान घेतलं. शब्द कुठला लिहायचा तेही सुचेना. टेबलावर कप होता. "चहा" लिहिलं.

पुतण्याला फोनवर धरलं. बिचारा ऑफिसात साहेबाची नजर चुकवून बघायचा.

"आता काय दिसतंय?"

"शेपटीवाला सी."

"थांब. आता?"

"तसंच."

"आता?"

"चौकोन. ताई, ह्यो चहा मला काय मिळत न्हाय बघा."

एक बदल, एक फोन, मग त्या परदेशी माणसाला निरोप, मग दुसऱ्या सकाळपर्यंत वाट. पण पहिल्यांदाच कळायला लागलं की कशानं काय होतं. दुकानातली बाकीची कामं पडून होती, गुरुजींचे फोन येत होते आणि मी एका शब्दाला धरून बसले होते. शुक्रवारी त्याचा निरोप आला. फाँट पानाबरोबर पाठवायचा उपाय तुमच्याकडं चालतो, पुण्याला चालत नाही, त्याच्या भरवशावर राहू नका. खरा रस्ता म्हणजे नवी पद्धत, युनिकोड, ज्यात मराठी अक्षर हे मराठीच असतं. पण जुन्या मशिनींवर त्याचे चौकोन दिसतील आणि सगळा मजकूर बदलायला तुम्हाला महिने लागतील. रविवारसाठी एकच करता येईल. प्रत्येक परिचयाचं चित्र करा. चित्राला फाँट लागत नाही. मात्र चित्रं जड असतात. सभागृहातली लाइन कशी आहे? माहीत नसेल तर तिथं जाऊन एकदा उघडून बघा.

चित्रं! पुस्तिका दरवर्षीसारखी छापून झाली होती, तिची पानं माझ्याकडं लावलेली होतीच. मी यजमानांना बोलावून घेतलं. शेजारच्या दुकानातून एक मशीन दोन दिवसांसाठी मागून आणलं आणि ते त्या मापलेल्या जागेवर बसवलं. मी पान कापून द्यायची, ते चित्र करून नाव द्यायचे. गिरणीत स्पिंडल सांभाळलेला हात, माऊस आधी त्यांना बिचकवायचा. दुपारनंतर माझ्यापेक्षा भराभर करायला लागले. एकदा मान वर न करता म्हणाले, "हे काम बरं हाय की. कापूस नाकात जात न्हाय." मी पान कापत राहिले. पुण्याला फोन लावला. पुतण्या ओरडलाच, "दिसलं! ताई, सगळं दिसलं! क्षणात आलं!"

लाइन बघायला सभागृहात गेले तर तिथं लग्न होतं. आत पाय ठेवायला जागा नव्हती. व्यवस्थापक दारातच भेटले. "टेलिफोनची लाइन कशी आहे हो? इंटरनेट चालेल का?"

"तुम्ही कायबी काळजी करू नका ताई," ते म्हणाले. "एक नंबर लाइन हाय. परवाच मोठा कार्यक्रम झाला हितं."

तो कार्यक्रम कसला होता ते मी विचारलं नाही. इतकं खात्रीनं सांगितलेलं ऐकायची मला गरज होती.

रविवारी सभागृह भरलं. आजऱ्यापासून, गडहिंग्लजपासून माणसं आली होती. वारणानगरच्या साखर कारखान्याच्या कॉलनीतल्या बायका होत्या. मी त्याच कॉलनीत वाढले, त्यामुळं निम्म्या ओळखीच्या. दुसऱ्या दोन मंडळांची माणसं पहिल्या रांगेत. बुद्धवंदना झाली. गुरुजींनी माझं नाव घेऊन टाळ्या वाजवायला लावल्या. यजमान पडद्याशेजारी फोनची वायर धरून उभे होते, ती जरा सैल होती म्हणून. मी पहिल्या मुलाच्या नावावर क्लिक केलं.

पडद्यावर पांढरं. मग वरच्या कडेला एक पट्टी उगवली. मुलाचे केस. बऱ्याच वेळानं कपाळ. सभागृह गप्प बसून बघत होतं. भुवया आल्या. मग थांबलंच. व्यवस्थापकांच्या ऑफिसात कुणीतरी त्याच लाइनवरचा दुसरा फोन उचलला होता. कनेक्शन गेलं. पुन्हा जोडलं, पुन्हा पांढरं, पुन्हा केस.

मधल्या रांगेतून एका आईनं विचारलं, "अवो ताई, नाक कवा यायचं?"

तिच्या शेजारची म्हणाली, "नाक यीस्तवर पोरगं म्हातारं हुतंय बघ!"

सगळं सभागृह हसलं. वाईट बुद्धीनं नाही. मीही हसले असते. ज्याचे केस पडद्यावर होते तो मुलगाही हसत होता. फक्त यजमान हसले नाहीत. ते वायर अजून घट्ट धरून उभे होते, जणू त्यांच्या धरण्यानं नाक येणार होतं.

गुरुजी भला माणूस. माइक घेऊन म्हणाले, "तंत्रज्ञान आपल्या वेगानं येईल. तोवर पुस्तिका आहेतच." आणि पुस्तिका वाटायला घेतल्या. माणसं पुस्तिकांवर वाकली आणि पडद्याकडं परत कुणी बघितलं नाही. जेवणाच्या वेळी गुरुजी माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू हं ताई." दुसऱ्या दोन मंडळांची माणसं जेवून निघून गेली. मला भेटली नाहीत.

यजमानांनी वायर नीट गुंडाळली, माझ्या हातात दिली. "चल, जेवून घे. भात संपत आलाय." घरी परतताना वाटेत ते एसटीडी बूथपाशी थांबले. "तू हो पुढं," म्हणाले. मी पुढं गेले नाही. काचेतून त्यांचं बोलणं ऐकू येत नव्हतं, पण दोनदा मान हललेली दिसली. एजंटाला हो म्हणायला एवढंच लागतं.

यजमान मस्कतला गेल्यावर मी त्या परदेशी माणसाला कळवलं, कार्यक्रम फसला. त्यानं विचारलं, "सभागृहातून एकदा उघडून बघितलं होतं का?" मी त्याला उत्तर पाठवलं नाही. शेजारचं मशीन केव्हाच परत केलं होतं. त्या जागेवर कागदाचे गठ्ठे ठेवले.

तरी ते युनिकोडचं काम मी सोडलं नाही. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी मागत नव्हतं. पत्रिकांचं काम आटोपलं की एकेक परिचय नव्यानं टाइप करायचा, एक बदल करायचा, दोन जागी बघायचं. कम्युनिटीत आता मी प्रश्न थोडक्यात टाकायला शिकले, कोडसकट. हळूहळू उत्तरंही द्यायला लागले. एकदा मेलिंग लिस्टवर आजऱ्याच्या एका काजू कारखानदारानं विचारलं, आमच्या साइटवरचं मराठी मुंबईत दिसत नाही, माल अडकलाय. मी लिहिलं, "नक्की काय ते मला माहीत नाही. एक कोरं पान करा, एक शब्द लिहा आणि मुंबईत काय दिसतं ते सांगा." त्यांचा तडक फोन आला. "ताई, म्हाईत न्हवतं तर उत्तर दिलासा कशाला?" मला माझाच संताप आठवला. मी म्हटलं, "शब्द कुठला लिहिलाय ते सांगा आधी." ते घुश्शातच म्हणाले, "काजू." आम्ही त्या काजूवर तीन दिवस काढले आणि तो मुंबईत दिसला.

तपासायची माझी दुसरी जागा मात्र मस्कत होती. यजमान शुक्रवारी सुट्टीला कॅफेत जायचे आणि तिथल्या बूथवरून फोन करायचे. घरचं बोलणं थोडं, तपासणी जास्त. दोघांनाही तेच सोपं पडायचं.

"काय दिसतंय?"

"चौकोन."

"किती?"

"हायत दोन-तीन. तुझी तब्येत बरी हाय न्हवं?"

"बरी आहे. पुढच्या शुक्रवारी परत बघा."

असे किती शुक्रवार गेले ते मी मोजले नाहीत. त्या कॅफेत नवी मशिनं आली तेव्हा त्यांचा फोन नेहमीपेक्षा उशिरा आला. मी विचारायच्या आधीच ते बोलले.

"अगं, तू चहा लिवलंयस व्हय हितं?"

मी "व्हय," म्हटलं.

"वाचता येतंय. चांगलं ठसठशीत दिसतंय." लाइनवर खरखर होती. बिल चढत होतं, आणि कुणीच फोन ठेवत नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "हितला चहा लई गोड असतोय बघ. मला सोसत न्हाय."

मी म्हटलं, "साखर वेगळी मागत जावा."

"तसं देत न्हाईत," ते म्हणाले. "बरं, ठेवतो."

ते परत आले तेव्हा मुलीची दहावी झाली होती आणि दुकानात त्यांनी वितीनं मोजलेल्या जागेवर दुसरं मशीन होतं, त्यावर बसणारा माणूस मात्र दुसराच कुणीतरी होता.